कीवर्डचे शोधहेतूनुसार वर्गीकरण कसे करावे : हापूस विक्रीच्या संकेतस्थळाचे उदाहरण

एखाद्या संकेतस्थळासाठी कीवर्डची, म्हणजे लोक गूगलसारख्या शोधयंत्रात टाइप करतात त्या शब्दांची, यादी हाती आली की बहुतेक जण ती महिन्याला होणाऱ्या शोधांच्या संख्येनुसार उतरत्या क्रमाने लावतात आणि वरच्या शब्दापासून लेख लिहायला घेतात. या घाईत तो शब्द टाइप करणाऱ्या माणसाला नेमके काय हवे आहे, हे तपासायचेच राहून जाते. समजा, देवगडच्या एका बागायतदाराने स्वतःच्या बागेतला हापूस थेट ग्राहकांना विकण्यासाठी संकेतस्थळ काढले. ‘हापूस’ किंवा ‘आंबा’ हा शब्द असलेले शेकडो शोध त्याच्या यादीत येतील. त्यांमागे पेटी मागवू पाहणारे पुण्याचे कुटुंब असेल, मोहोरावर तुडतुडे आले म्हणून औषध शोधणारा दुसरा बागायतदार असेल, वाशीच्या बाजारात आज काय भाव निघाला हे पाहणारा व्यापारी असेल आणि ‘माझे आवडते फळ’ या विषयावर उद्या निबंध द्यायचा आहे असा शाळकरी विद्यार्थीही असेल. या चौघांना एकाच पानावर आणून बसवले, तर चौघांपैकी कोणाचेच काम होत नाही आणि शोधयंत्रालाही ते पान कोणासाठी आहे हे ठरवता येत नाही.

शोधहेतूनुसार वर्गीकरण करायचे म्हणजे लिखाणाला बसण्यापूर्वी ही माणसे एकमेकांपासून वेगळी करायची. हे काम यांत्रिक वाटते, पण ते तसे नाही, कारण हेतू हा शब्दावर छापलेला नसतो. कोण शोधतो आहे, कुठून, कोणत्या महिन्यात, आणि शोधयंत्र त्याला उत्तरादाखल काय दाखवते आहे, या सगळ्यांवरून तो ठरवावा लागतो. पुढची सर्व पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे आणि ती समजावण्यासाठी हापूसचेच उदाहरण अखेरपर्यंत घेतले आहे.

वर्गांची मूळ चौकट

आज जवळपास प्रत्येक एसईओ (शोधनिकालांत पान वर आणण्याच्या) साधनात दिसणारी वर्गवारी संगणकशास्त्रज्ञ अँड्रे ब्रॉडर यांच्या २००२ सालच्या निबंधापासून सुरू होते. अल्टाव्हिस्टा या तेव्हाच्या मोठ्या शोधयंत्राच्या वापरकर्त्यांचे सर्वेक्षण आणि त्याच्या शोधनोंदी यांचा अभ्यास करून त्यांनी शोधांचे तीन प्रकार मांडले. पहिला प्रकार ठरावीक संकेतस्थळावर पोहोचण्यासाठी केलेल्या शोधाचा, दुसरा माहिती मिळवण्यासाठी केलेल्या शोधाचा आणि तिसरा काही कृती उरकण्यासाठी, म्हणजे खरेदी, डाउनलोड यांसारख्या कामासाठी, केलेल्या शोधाचा. शोधनोंदींवरून त्यांनी काढलेले प्रमाण अनुक्रमे सुमारे २०, ४८ आणि ३० टक्के होते. डॅनियल रोझ आणि डॅनी लेव्हिन्सन यांनी २००४ मध्ये या प्रकारांचे पोटभेद पाडले. पुढे व्यवसायाच्या गरजेतून आणखी एक वर्ग रूढ झाला, तो म्हणजे खरेदीपूर्व पडताळणीचा. घ्यायचे ठरले आहे, पण कोणाकडून आणि कोणते हे ठरलेले नाही, अशा माणसाचे शोध या चौथ्या वर्गात येतात.

गूगलने निकालांची गुणवत्ता तपासणाऱ्यांसाठी तयार केलेली मार्गदर्शक तत्त्वे २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये पूर्णपणे जाहीर केली. त्यांतली विभागणी थोडी वेगळी आहे: जाणून घेणे, एखादी गोष्ट करणे, ठरावीक संकेतस्थळ गाठणे आणि प्रत्यक्ष एखाद्या ठिकाणी जाणे. जाणून घेण्याच्या शोधांतही, ज्याचे उत्तर एका ओळीत मावते असा साधा प्रश्न आणि ज्याला विस्ताराने उत्तर द्यावे लागते असा प्रश्न, हे दोन भाग तिथे वेगळे धरले आहेत. स्थानिक व्यवसायासाठी ‘प्रत्यक्ष जाणे’ हा वर्ग अतिशय महत्त्वाचा आहे आणि नेहमीच्या चार वर्गांत तो हरवतो, म्हणून आपल्या यादीत तो स्वतंत्र ठेवावा, असे माझे ठाम मत आहे.

या चौकटीवर किती विसंबायचे, याचे उत्तर देणारा एक अभ्यासही सांगायला हवा. बर्नार्ड जॅन्सन, डॅनियल बूथ आणि अमांडा स्पिंक यांनी २००८ मध्ये पंधरा लाखांहून अधिक शोधांचे वर्गीकरण संगणकाकरवी करून पाहिले. त्यांची पद्धत सुमारे ७४ टक्के वेळा बरोबर ठरली, आणि उरलेल्या सुमारे पाव भाग शोधांचा हेतू मुळातच धूसर किंवा एकापेक्षा अधिक होता, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यामुळे प्रत्येक कीवर्डला एकच शिक्का मारण्याचा हट्ट धरू नये. मुख्य हेतू आणि दुय्यम हेतू असे दोन रकाने सुरुवातीपासून ठेवावेत.

यादी गोळा करणे, पण घाईने एकत्र न करणे

संकेतस्थळ आधीपासून चालू असेल तर सुरुवात गूगल सर्च कन्सोलपासून, म्हणजे आपले संकेतस्थळ कोणत्या शोधांवर दिसले हे दाखवणाऱ्या गूगलच्या साधनापासून, करावी, कारण तिथले शोध प्रत्यक्ष माणसांनी केलेले असतात आणि त्यांना तुमचे पान दाखवले गेलेले असते. तिथे मागच्या १६ महिन्यांपर्यंतची आकडेवारी मिळते, म्हणजे हापूसचा एक पूर्ण हंगाम तिच्यात नक्की येतो. दोन मर्यादा मात्र ध्यानात ठेवाव्यात. अगदी मोजक्या लोकांनी केलेले शोध गोपनीयतेसाठी दाखवले जात नाहीत, आणि पडद्यावरच्या तक्त्यात १,००० पर्यंतच ओळी दिसतात, त्यामुळे पानांनुसार किंवा महिन्यांनुसार गाळणी लावून यादी तुकड्यातुकड्यांनी उतरवून घ्यावी.

नव्या संकेतस्थळाला गूगलचे कीवर्ड प्लॅनर, शोधपेटीत टाइप करताना येणाऱ्या सूचना आणि निकालांमध्ये दिसणारे ‘लोक हेही विचारतात’ हे प्रश्न वापरावे लागतात. कीवर्ड प्लॅनर हे मुळात जाहिरातदारांसाठी केलेले साधन आहे. त्यातला ‘स्पर्धा’ हा रकाना जाहिरातदारांमधली स्पर्धा सांगतो, सेंद्रिय, म्हणजे बिनजाहिरातीच्या, निकालांमधली नव्हे, आणि जाहिरातीवर खर्च न करणाऱ्या खात्याला आकडे बहुधा मोठ्या पट्ट्यांत दिसतात. शिवाय ते साधन जवळपासची रूपे एकत्र मोजते. मराठीसाठी ही गोष्ट त्रासदायक ठरते, कारण आपल्याकडे एकच शोध ‘हापूस’, ‘हापुस’, ‘अल्फान्सो’ अशा अनेक रूपांनी आणि त्यातही कधी देवनागरीत, कधी रोमन लिपीत केला जातो.

तिसरा स्रोत कोणत्याही साधनात नसतो, आणि माझ्या मते तोच सर्वांत मोलाचा आहे. मागच्या हंगामात ग्राहकांनी फोनवर आणि व्हॉट्सअॅपवर जे विचारले, ते प्रश्न त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावेत. “पेटी आली, पण आंबे हिरवेच आहेत, आता काय करू?”, “पाच डझनाच्या पेटीत फळ केवढे असते?”, “कापल्यावर आतून पांढरा निघाला, तो खराब आहे का?” असे प्रश्न साधनांमध्ये शून्य किंवा नगण्य संख्येचे दिसतील, पण ते विचारणारी माणसे तुमचीच आहेत.

गोळा झालेल्या यादीतून अगदी निरर्थक ओळी काढाव्यात, मात्र सारखे दिसणारे कीवर्ड या टप्प्यावर एकत्र करू नयेत. ‘हापूस आंबा किंमत’ आणि ‘हापूस आंबा बाजारभाव’ हे सारखे वाटून एकात मिसळले, तर पुढे ज्यावर सगळा विचार करायचा आहे तो फरकच नाहीसा होतो.

प्रत्येक कीवर्डमागचे वाक्य लिहिणे

वर्गाचे नाव लिहिण्याआधी प्रत्येक महत्त्वाच्या कीवर्डपुढे एक पूर्ण वाक्य लिहावे. ते वाक्य शोधणाऱ्याच्या तोंडचे असावे आणि त्यात तो कोण आहे, त्याला काय करायचे आहे आणि काय मिळाले की तो शोध थांबवेल, या तीन गोष्टी याव्यात. ‘देवगड हापूस पेटी ऑनलाइन’ यापुढे लिहावे: “मी ठाण्यात राहतो, मला या आठवड्यात घरपोच एक पेटी हवी आहे, दर, फळाचा आकार आणि पोहोचण्याचा दिवस कळला की मी मागणी नोंदवेन.” ‘कार्बाइडने पिकवलेला आंबा कसा ओळखावा’ यापुढे लिहावे: “घरात लहान मुले आहेत, बाजारातून आणलेल्या आंब्याची मला खात्री वाटत नाही, काय पाहायचे ते कळले आणि विश्वासाचा आंबा कुठे मिळेल याचा अंदाज आला की माझे समाधान होईल.”

ही दोन्ही वाक्ये शेजारी ठेवली की साध्या वर्गवारीत न दिसणारी गोष्ट दिसते. दुसऱ्या कीवर्डमध्ये ‘कसा’ असल्यामुळे कोणतेही साधन त्याला माहितीचा शिक्का देईल, पण त्यामागचा माणूस खरेदीच्या अगदी जवळ उभा आहे आणि त्याला अडवणारी गोष्ट शंका आहे. फळे पिकवण्यासाठी कॅल्शियम कार्बाइड वापरायला भारतात बंदी आहे, हे त्याला सांगावे, आढीत नैसर्गिकरीत्या पिकलेला आंबा कसा दिसतो आणि कसा दरवळतो हे छायाचित्रांसह दाखवावे, आणि त्याच पानावरून आपल्या बागेतल्या पद्धतीकडे वाट द्यावी. असे पान माहितीचे असूनही विक्रीला थेट मदत करते.

वाक्य लिहिताना अडखळायला झाले, तर तो कीवर्ड अस्पष्ट आहे, असे समजावे. नुसता ‘हापूस आंबा’ हा त्याचा उत्तम नमुना आहे, कारण त्यापुढे चार वेगवेगळी वाक्ये तितक्याच सहजतेने लिहिता येतात. अशा कीवर्डला ओढूनताणून खरेदीच्या वर्गात बसवू नये. त्यापुढे ‘संमिश्र’ असे लिहून तो निकालपृष्ठ, म्हणजे शोधानंतर येणारे निकालांचे पान, पाहण्याच्या टप्प्यासाठी बाजूला ठेवावा.

मराठी शोधांतल्या खुणा

इंग्रजी कीवर्डसाठी खुणांच्या तयार याद्या सर्वत्र मिळतात आणि साधनेही त्यांवरच चालतात. मराठी शोधांना त्या लावल्या तर बरेच चुकते, म्हणून आपली यादी आपणच करावी लागते.

पैशाशी संबंधित शब्दांपासून सुरुवात करू. ‘बाजारभाव’ या शब्दामागे बहुतेक वेळा शेतकरी किंवा व्यापारी असतो. त्याला बाजार समितीतली आवक आणि त्या दिवसाचे किमान-कमाल दर हवे असतात. ‘किंमत’ या शब्दामागे साधारणपणे एक पेटी किंवा दोन डझन घेणारे घर असते. ‘भाव’ आणि ‘दर’ हे दोन्हीकडे चालतात, त्यामुळे त्यांच्याबरोबरचा शब्द पाहावा लागतो: ‘वाशी मार्केट’ किंवा ‘क्विंटल’ आले तर घाऊक, ‘डझन’ किंवा ‘पेटी’ आली तर बहुधा घरगुती. बागायतदाराच्या विक्रीच्या पानाने बाजारभावाच्या शोधावर येण्यासाठी कितीही धडपड केली, तरी रोज बदलणारे अधिकृत दर शोधणारा माणूस तिथे थांबणार नाही.

प्रश्नार्थक शब्दांबाबत अधिक सावध राहावे. ‘कसा ओळखावा’ हा बहुधा ग्राहकाचा प्रश्न आहे. ‘कसा पिकवावा’ हा ग्राहकाचाही असतो आणि व्यापाऱ्याचाही. त्यात ‘घरी’ हा शब्द आला की तो ग्राहकाचा ठरतो. ‘मोहोर’, ‘फवारणी’, ‘छाटणी’, ‘कलम’, ‘खत व्यवस्थापन’ हे शब्द आले की पलीकडे बागायतदार आहे. ‘साका’ या शब्दाने तर एकाच वेळी दोघे येतात. फळ कापल्यावर आतला गर पांढरट, स्पंजासारखा निघाला म्हणून ग्राहक तो शब्द शोधतो, आणि तो दोष बागेतच कसा टाळावा म्हणून उत्पादकही शोधतो. इथे ‘साका म्हणजे काय’ आणि ‘साका नियंत्रण’ हे दोन कीवर्ड वेगवेगळ्या माणसांचे म्हणून वेगळे लिहावेत.

मराठीतला एक मोठा शोधवर्ग परदेशी पुस्तकांत सापडणार नाही, तो म्हणजे शालेय लेखनाचा. निबंध, आंब्याच्या झाडाचे आत्मवृत्त, दहा ओळी, माहिती लेखन अशा शोधांचे प्रमाण फळे, सण, ऋतू आणि थोर व्यक्ती या विषयांत लक्षणीय असते. ‘आंबा माहिती मराठी’ हा कीवर्ड संख्येने आकर्षक दिसला, तरी त्यामागे मोठ्या प्रमाणावर विद्यार्थी आणि त्यांचे पालक असण्याची शक्यता जमेस धरावी. त्यांच्यासाठी लिहिणे वाईट नाही, चांगली शैक्षणिक माहिती मराठीत असायलाच हवी. पण ती विक्री वाढवेल या अपेक्षेने लिहू नये.

लिपी हीसुद्धा खूण असू शकते, मात्र ती कच्ची खूण आहे. रोमन लिपीत मराठी टाइप करणारा माणूस इंग्रजी पाने वाचायला तयार आहे, असे गृहीत धरता येत नाही. पुष्कळांना देवनागरी कळफलक वापरायचा कंटाळा असतो, एवढाच त्याचा अर्थ असतो. ‘अल्फान्सो’ हा शब्द वापरणाऱ्यांत अमराठी आणि परदेशस्थ ग्राहक बरेच असतात. अमेरिकेतले मराठी कुटुंब तिथे हापूस कुठे मिळेल हे शोधत असेल, तर त्याचा हेतू खरेदीचाच आहे, पण तो पुरा करणे तुमच्या हातात असेलच असे नाही. भारतीय आंब्याला अमेरिकेत २००७ पासून विकिरण प्रक्रियेच्या अटीवर प्रवेश आहे आणि ती साखळी नसलेल्या विक्रेत्याने असे कीवर्ड यादीतून काढून टाकावेत. हेतू बरोबर ओळखला तरी तो पुरा करण्याची आपली कुवत आहे का, हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारावा लागतो.

निकालपृष्ठ वाचणे

शब्दांवरून बांधलेला अंदाज आता निकालपृष्ठावर तपासावा. शोधयंत्राने लाखो लोकांच्या वागणुकीवरून त्या शोधाचा जो अर्थ लावला आहे, तो तिथे उघड दिसतो. तपासणी ब्राउझरच्या खासगी (इनकॉग्निटो) खिडकीत आणि शक्यतो मोबाइलवर करावी. आपला नेहमीचा ग्राहक ज्या शहरात आहे तिथल्या एखाद्या परिचितालाही तोच शोध करून पडद्याचे चित्र पाठवायला सांगावे, कारण खासगी खिडकीतही स्थानानुसार निकाल बदलतात. देवगडमध्ये बसून पाहिलेले निकाल पुण्यातल्या ग्राहकाला दिसतीलच असे नाही.

पानावर काय पाहायचे? पहिल्या दहा निकालांतली पाने कोणत्या जातीची आहेत, हे आधी मोजावे: विक्रीची पाने किती, लेख किती, बातम्या किती, सरकारी किंवा विद्यापीठाची पाने किती, व्हिडिओ किती. मग निकालांच्या भोवतीच्या गोष्टी पाहाव्यात. नकाशा आणि तीन दुकानांची चौकट आली असेल तर प्रत्यक्ष जाण्याचा हेतू प्रबळ आहे. उत्पादनांची चित्रे दरासह येत असतील तर खरेदीचा. बातम्यांची पट्टी आली असेल तर शोधणाऱ्याला ताजेपणा हवा आहे. ‘लोक हेही विचारतात’ हा भाग सगळ्यात शांतपणे वाचावा, कारण त्या शोधाला जोडून लोकांच्या मनात आणखी कोणते प्रश्न येतात हे तिथे कळते, आणि संमिश्र कीवर्डचे पदर उलगडायला त्याची चांगली मदत होते.

दहापैकी सात-आठ पाने एकाच जातीची असतील, तर मुख्य हेतू निश्चित झाला, असे धरायला हरकत नाही. चार विक्रीची, तीन लेखांची, दोन बातम्यांची अशी विभागणी दिसली तर शोधयंत्रानेही तो शोध संमिश्र मानला आहे. अशा वेळी आपले पान कोणत्या जागेसाठी स्पर्धा करणार आहे ते ठरवावे. नव्या, लहान संकेतस्थळाने विक्रीच्या चार जागांसाठी मोठ्या दुकानांशी झगडण्यापेक्षा लेखांच्या जागांसाठी प्रयत्न करणे बहुतेक वेळा शहाणपणाचे असते.

दोन कीवर्ड एकाच पानावर घ्यायचे की वेगळ्या, याचा निर्णयही इथेच होतो. दोन्हींचे निकाल शेजारी उघडावेत. पहिल्या दहांतले निम्म्याहून अधिक निकाल सारखे असतील तर दोघांमागचा हेतू एक आहे आणि एकच पान पुरे. एखाद-दुसराच निकाल सारखा असेल तर शब्द कितीही जवळचे वाटले, तरी पाने वेगळी करावीत. निम्म्याची ही मर्यादा कोणत्याही शास्त्राने घालून दिलेली नाही, ती कामापुरती सोय आहे; सीमेवरच्या जोड्यांसाठी आधी लिहिलेली वाक्ये पुन्हा वाचून निर्णय घ्यावा.

निकालपृष्ठ हा शोधयंत्राचा आजचा अंदाज असतो, आणि मराठीत तो चुकण्याचा संभव इंग्रजीपेक्षा जास्त आहे, कारण अनेक विषयांवर योग्य पानेच लिहिली गेलेली नसतात. ‘आंब्याची आढी कशी लावावी’ या शोधाला निबंधांची आणि पाककृतींची पाने दिसत असतील, तर लोकांना निबंध हवे आहेत असा निष्कर्ष काढू नये. उत्तर देणारे पान उपलब्ध नसल्याने शोधयंत्राने जवळचे काहीतरी पुढे केले आहे, हीही शक्यता असते. वाक्य स्पष्ट आहे आणि निकाल त्याच्याशी विसंगत आहेत, अशा जागी मराठीत लिहिणाऱ्याला खरी संधी असते.

महिना बदलला की हेतू बदलतो

शेतमालाच्या कीवर्डना एकदाच वर्ग देऊन चालत नाही. ‘देवगड हापूस’ हा एकच शोध वर्षभर पाहावा. हंगामातली पहिली पेटी वाशीच्या बाजारात पोहोचली की तिच्या भावाची बातमी होते आणि त्या दिवसांत या शोधामागे कुतूहल जास्त, खरेदी कमी असते. मार्चमध्ये लोक दर आणि आगाऊ नोंदणी पाहतात. एप्रिल आणि मे हे सरळ खरेदीचे महिने. पावसाळा सुरू झाला की आंब्याचा रस डब्यात मिळेल का, साठवलेला गर किती टिकतो, असे शोध येऊ लागतात. मोहोराच्या काळात त्याच शब्दांभोवती फवारणी आणि हवामान यांची चर्चा वाढते.

गूगल ट्रेंड्सवर मागील पाच वर्षांचा आलेख महाराष्ट्रापुरता पाहिला, तर या लाटा नीट दिसतात. तिथले आकडे शून्य ते शंभर अशा सापेक्ष मापावर असतात, प्रत्यक्ष शोधसंख्या नसतात, त्यामुळे दोन कीवर्डची तुलना करायची असल्यास ते एकाच आलेखात घ्यावेत. वर्गीकरणाच्या तक्त्यात हंगामाचा रकाना ठेवावा आणि निकालपृष्ठ कोणत्या तारखेला पाहिले तेही लिहावे. नोव्हेंबरमध्ये पाहिलेल्या निकालांवरून एप्रिलचे पान ठरवणे हा या व्यवसायातला नित्याचा दोष आहे. विक्रीचे पान हंगाम संपल्यावर काढून टाकू नये. तेच पान, त्याच पत्त्यावर, पुढच्या हंगामाच्या नोंदणीसाठी चालू ठेवावे, म्हणजे त्याने मिळवलेले स्थान वाया जात नाही.

तक्ता आणि पानांची वाटणी

आता साध्या स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक ओळीत कीवर्ड, त्याची लेखनभेदांसह रूपे, शोधणाऱ्याचे वाक्य, मुख्य हेतू, दुय्यम हेतू, निकालपृष्ठावर दिसलेली पानांची जात, तपासणीची तारीख, हंगाम आणि नेमून दिलेले पान एवढे रकाने भरावेत. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे. ज्या वर्गीकरणातून प्रत्येक कीवर्डला एक पान किंवा स्पष्ट नकार मिळत नाही, त्याचा लिहिणाऱ्याला काही उपयोग नाही.

आपल्या बागायतदाराच्या बाबतीत वाटणी साधारण अशी होईल. पेटी, डझन, घरपोच, ऑनलाइन हे कीवर्ड विक्रीच्या पानाकडे जातील आणि त्या पानावर दर, फळाचे वजन, पोहोचवण्याची शहरे आणि दिवस हे सर्वांत वर असेल. हापूसच्या इतिहासाची चार परिच्छेदांची प्रस्तावना तिथे नको. ‘ओरिजनल देवगड हापूस कसा ओळखावा’, ‘देवगड आणि रत्नागिरी हापूस फरक’ हे पडताळणीचे कीवर्ड एका सविस्तर पानाकडे जातील. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असून ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांसाठी आहे, ही माहिती त्या पानावर यायला हवी आणि बागायतदाराची स्वतःची मानांकन नोंदणी असेल तर तीही दाखवावी. ‘पुण्यात हापूस कुठे मिळेल’ यासाठी लेख लिहून उपयोग नाही; पुण्यात विक्रीकेंद्र असेल तर गूगलवरील व्यवसाय नोंद अद्ययावत करावी.

खरेदीनंतरच्या शोधांना बहुतेक विक्रेते पानच देत नाहीत, याचे मला वाईट वाटते. ‘पेटीतले आंबे किती दिवसांत पिकतात’, ‘हापूस फ्रिजमध्ये ठेवावा का’ हे शोध करणाऱ्याने पैसे आधीच दिलेले असतात, त्याच्याकडून लगेच नवी मागणी येणार नसते, आणि म्हणून आकड्यांत हे कीवर्ड निरुपयोगी दिसतात. पण हिरवा आंबा थेट फ्रिजमध्ये गेला की तो नीट पिकत नाही आणि त्याचा दोष बागेच्या नावावर लागतो. अशा शोधांसाठी एक स्वच्छ, छोटे, चित्रांसहित पान असावे आणि त्याचा दुवा पेटीसोबतच्या कागदावर व व्हॉट्सअॅपच्या संदेशातही द्यावा.

फवारणी आणि कीडनियंत्रणाचे कीवर्ड सोडून द्यावेत, निदान विक्रीच्या संकेतस्थळावर तरी. त्या विषयात दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठासारख्या संस्थांची माहिती अधिक विश्वासार्ह आहे आणि औषधांच्या मात्रांबाबत अर्धवट सल्ला देणे बागेला महागात पडू शकते. दुसऱ्या विक्रेत्याच्या नावाने केलेले शोधही सोडावेत. ज्याला ठरावीक संकेतस्थळ गाठायचे आहे, त्याला मध्येच अडवून काही साधत नाही. आपल्या स्वतःच्या नावाचा शोध मात्र जपावा, आणि त्यावर मुखपृष्ठ, दूरध्वनी क्रमांक आणि मागणीची स्थिती चटकन सापडते ना, ते पाहावे.

साध्या, एका ओळीत उत्तर मावणाऱ्या प्रश्नांबद्दल अलीकडे परिस्थिती बदलली आहे. गूगलने भारतात २०२४ च्या ऑगस्टपासून एआयने तयार केलेले सारांश निकालांच्या वर दाखवायला सुरुवात केली. ‘हापूसचा हंगाम कधी असतो’ असे विचारणाऱ्याचे समाधान तिथेच होते आणि तो कोणत्याच पानावर जात नाही. अशा कीवर्डसाठी स्वतंत्र लेख न लिहिता त्याचे उत्तर विक्रीच्या किंवा पडताळणीच्या पानात एका परिच्छेदात द्यावे.

एआय साधनांकडून वर्गीकरणाचा पहिला हात फिरवून घ्यायला हरकत नाही, विशेषतः यादी हजारोंची असेल तर. त्यांना नुसते कीवर्ड न देता आपली खुणांची यादी, व्यवसायाची माहिती आणि आधी हाताने लिहिलेली काही वाक्ये नमुन्यादाखल द्यावीत. उत्तर आल्यावर संमिश्र ठरलेले सर्व कीवर्ड आणि प्रत्येक वर्गातले काही कीवर्ड निकालपृष्ठावर स्वतः तपासावेत. ‘बाजारभाव’ला खरेदीचा शिक्का बसला आहे का, हे सर्वांत आधी पाहावे.

वर्गीकरण बरोबर होते का, हे तपासणे

पाने प्रसिद्ध होऊन एक हंगाम गेला की सर्च कन्सोलमध्ये प्रत्येक पान निवडून त्याला कोणते शोध मिळाले ते पाहावे. विक्रीच्या पानाला ‘आंबा निबंध’सारख्या शोधांवर पुष्कळ दर्शने (पान निकालांत दिसण्याच्या वेळा) आणि जवळजवळ शून्य क्लिक मिळाले असतील, तर पानावरचा मजकूर माहितीकडे झुकला आहे, तो कमी करावा. एखाद्या शोधावर सरासरी स्थान चांगले असूनही क्लिक मिळत नसतील, तर आधी निकालपृष्ठ उघडावे. वर एआयचा सारांश किंवा नकाशाची चौकट आली असेल तर दोष पानाचा नाही. ती नसेल तर शीर्षकाने वेगळ्याच हेतूला हाक घातली आहे का, ते तपासावे. एकाच शोधावर तुमची दोन पाने आळीपाळीने दिसत असतील, तर त्या दोघांची वाक्ये पुन्हा वाचावीत. वाक्य एकच निघाले तर पाने एकत्र करावीत. वाक्ये वेगळी निघाली तर त्यांची शीर्षके आणि पहिले परिच्छेद एकमेकांपासून स्पष्टपणे वेगळे करावेत.

हापूसपुरती ही तपासणी जून-जुलैमध्ये करणे सोयीचे, कारण तेव्हा हंगामाची आकडेवारी ताजी असते आणि ग्राहकांचे प्रश्नही आठवणीत असतात. बदललेली पाने ऑक्टोबरपर्यंत तयार असावीत, म्हणजे मार्चमध्ये नोंदणी सुरू होईपर्यंत शोधयंत्राला ती वाचायला आणि त्यांचे स्थान ठरवायला पुरेसे महिने मिळतात.